पेशीची साल आणि पेशीचा स्वभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा परिसरातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीची मुलं, त्यांचे पालक, वाचनालयातल्या व्याख्यानाला आलेली मंडळी, सगळ्यांचे प्रश्न फोनवर येत राहतात आणि फिरून तेच येतात. म्हणून एकदाचे इथे लिहून ठेवले. गोव्यात विज्ञान इंग्रजीतून शिकतात आणि घरी प्रश्न मराठीतून विचारतात, त्यामुळे जिथे रिसेप्टर म्हणतात तिथे मीही रिसेप्टरच म्हटलं आहे. इथलं काहीही औषधाचा सल्ला म्हणून वाचू नये.

१. पेशीचा पृष्ठभाग म्हणजे नेमकं काय? पिशवी की भिंत?

पिशवी म्हणा, पण तेलाची. चरबीच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असतात. हे दोन थर आहेत हे १९२५ साली हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी दाखवलं. त्यांनी तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली, तर तिने पेशींच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट जागा व्यापली. जाडी सात-आठ नॅनोमीटर. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे साल तिच्या हजाराव्या हिश्श्याएवढी.

ही साल घट्ट नसते. खोबरेल तेल आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस पातळ असतं आणि पौषातल्या पहाटे बाटलीत थिजतं, कारण चोविसेक अंशांच्या खाली त्यातली चरबी गोठते. पेशीला असं थिजून चालत नाही. म्हणून थंड पाण्यातले मासे आपल्या सालीत लवकर न गोठणारी चरबी जास्त ठेवतात. या तेलात प्रथिनं तरंगतात, सरकतात. प्रथिनांवर आणि चरबीवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात आणि त्यांची तोंडं कायम बाहेरच्या बाजूला. पुढची बरीचशी उत्तरं या साखळ्यांभोवतीच फिरतात.

२. पृष्ठभागामुळे पेशी वेगळी वागते, हे डोळ्यांनी दिसेल असं काही आहे का?

आहे, आणि ते माझं सगळ्यात आवडतं आहे. समुद्रातला स्पंज हा प्राणी आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून काढला. आपण वाटलेला नारळ फडक्यात घालून रोस काढतो, अगदी तसाच. भांड्यात उतरला तो सुट्या पेशींचा गढूळ रस. तो फेकून दिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ठेवल्यावर त्या पेशी तळाशी सरपटत एकमेकींना भेटल्या, त्यांचे गोळे झाले आणि गोळ्यांतून पुन्हा लहान स्पंज वाढले.

पुढच्या संशोधकांनी दोन वेगळ्या रंगांच्या जातींच्या पेशी एकत्र कालवल्या. बऱ्याच जोड्यांमध्ये काही तासांनी रंग वेगळे झाले: लाल पेशी लालांकडे, पिवळ्या पिवळ्यांकडे. पेशींना डोळे नाहीत, नाक नाही. एकमेकींना लागताना सालीवरचे रेणू जुळले तर चिकटायचं, नाहीतर पुढे जायचं. पाण्यातलं कॅल्शियम काढून टाकलं की त्या आपल्याच जातीलाही चिकटत नाहीत, परत घातलं की चिकटतात.

आपल्या शरीरात हे काम मुख्यतः कॅडहेरिन नावाची प्रथिनं करतात. ती जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी शोधली, आणि त्यांनाही कॅल्शियमच लागतं. कॅडहेरिन हरवलं तर काय होतं ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. रक्तगट हासुद्धा पृष्ठभागाचाच फरक का?

हो. कार्ल लँडश्टायनर यांनी १९००-०१ मध्ये व्हिएन्नात तो शोधला. तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एन-ॲसिटाइल-गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा असेल तर ए, गॅलॅक्टोज असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी, आणि टोक मोकळं राहिलं तर ओ. ए आणि बी यांत फरक आहे तो इतकाच, एका साखरेच्या एका कोपऱ्याचा. पण गट चुकीचा चढवला तर माणूस दगावू शकतो.

प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतो. एकावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी, तिसऱ्यावर रंगहीन अँटी-डी (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते यावरून ठरतं). काडीने ढवळून पट्टी हलकेच डोलवायची. जुळलं तर थेंबात तांबड्या रव्यासारखे कण दिसतात. हे रक्त गोठणं नव्हे, अँटीबॉडीने, म्हणजे परक्या रेणूला धरणाऱ्या प्रथिनाने, पेशींची मोट बांधणं आहे. परीक्षेत या फरकावर हमखास गुण जातात. दुसरी चूक उशिरा बघण्याची. थेंब कडेने वाळला की वाळलेली कडही कणांसारखी दिसते, आणि मग ओ गटाचा मुलगा घरी जाऊन बी म्हणून सांगतो.

४. ओ निगेटिव्ह कोणालाही चालतं ना?

जवळजवळ कोणालाही. पण ज्याला ओ निगेटिव्हही चालत नाही असा गट आपल्याच भागात सापडला. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली आणि त्याचं नावच बॉम्बे रक्तगट पडलं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा आढळतो, युरोपात दहा लाखांत एक असं सांगतात.

ओ गटातलं टोक मोकळं म्हटलं, तरी खाली एक पाया असतो, त्याला एच म्हणतात. साखळीला फ्यूकोज नावाची साखर जोडली की एच तयार होतो, आणि ए किंवा बी त्याच्यावर बसतात. बॉम्बे गटात फ्यूकोज जोडणारं एन्झाइमच नसतं. पाया नाही, म्हणून वर काही बसत नाही. काचपट्टीवर हा माणूस सरळ ओ दिसतो. पण त्याच्या रक्तात एचविरुद्धच्या अँटीबॉडी असतात, म्हणून ओ रक्तही त्याला घातक ठरतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. म्हणूनच रक्तपेढीत काचपट्टीवर भागत नाही. तिथे रुग्णाच्या रक्तातला द्रव ओळखीच्या पेशींवर, ओ पेशींवरसुद्धा, घालून उलटी तपासणी करतात, आणि बाटली देण्याआधी क्रॉसमॅचही होतो, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून बघतात.

याच प्रश्नाचं एक घरगुती रूप दबक्या आवाजात विचारलं जातं: आईबाप दोघं ओ, मग मूल बी कसं? आईबापांपैकी एकाचा गट बॉम्बे असेल तर बीचा जनुक त्याच्याकडे असूनही दिसत नाही. पाया देणारा चांगला जनुक दुसऱ्याकडून आला की मुलात बी उगवतो. याहून जास्त वेळा कुणाचा तरी जुना रिपोर्ट चुकलेला असतो. काचपट्टीवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये, एवढं मी वर्गात दरवर्षी सांगते.

५. रक्तगट बदलतो का? माझ्या काकांचा बदलला.

बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा रिपोर्ट चुकलेला असतो. खरोखर बदलतो असे प्रकार मोजके. अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं तर नव्या मज्जेचा गट येतो. काही ल्युकेमियांत ए किंवा बी इतका फिका पडतो की ओ वाटावा.

तिसरा प्रकार गमतीचा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किंवा आतड्याच्या गंभीर संसर्गात काही जिवाणूंचं एन्झाइम ए गटाच्या साखरेवरचा एक छोटा तुकडा कापतं. उरतं ते बीसारखं दिसतं आणि ए गटाचा माणूस एबी म्हणून वाचला जातो. जनुक तेच, मज्जा तीच, नुसती साल कुरतडलेली. आजार बरा झाला की गट परत ए. त्याच्या स्वतःच्या अँटी-बी मात्र या नकली बीला हात लावत नाहीत. आपल्या काचपट्टीवरचं औषध फसतं, शरीर फसत नाही.

६. मग साखर कापून सगळं रक्त ओ का करत नाहीत?

प्रयत्न चालू आहेत. १९८२ साली कॉफीच्या बियांतलं एन्झाइम वापरून बी गटाच्या पेशी ओ करून दाखवल्या होत्या. ए अवघड निघाला. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्ये त्यासाठी कार्यक्षम एन्झाइमं शोधली. रक्तपेढीत हे रोजच्या वापरात आलेलं नाही. रक्तदान शिबिरांना जायचं थांबवू नका.

७. मलेरियाचा जंतू पेशीच्या आत लपतो. मग त्याचा पृष्ठभागाशी काय संबंध?

पणजीत बांधकामाच्या जागी साचलेल्या पाण्याच्या टाक्या आठवा. तिथे वाढणारा ॲनोफिलिस स्टेफेन्साय डास शहरी मलेरियाचा वाहक. तो जंतू सोडतो, आणि जंतू तांबड्या पेशीत शिरतो तो सालीवरची कडी धरून.

व्हायव्हॅक्स या जातीच्या मलेरिया-जंतूला डफी नावाचं प्रथिन लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर ते नसतं, आणि तिथे व्हायव्हॅक्स फार क्वचित आढळतो. लुई मिलर यांनी १९७६ मध्ये हे दाखवलं. अपवाद आहे: मादागास्करमध्ये डफी नसलेल्यांनाही व्हायव्हॅक्स झाल्याचं २०१० मध्ये नोंदलं गेलं. म्हणजे जंतूला दुसरी वाटही सापडते.

फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीच्या जंतूची चाल वेगळी. तो आत शिरल्यावर पेशीची साल आतून बदलतो. तिच्यावर बारीक गाठी उठवून त्यांवर स्वतःचं चिकट प्रथिन बसवतो. अशी पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटून राहते आणि प्लीहेपर्यंत पोचतच नाही, जिथे तिला गाळून मारलं असतं. हे जंतूच्या सोयीचं. मेंदूतल्या बारीक वाहिन्या अशा पेशींनी तुंबल्या की माणूस बेशुद्ध पडतो. अँटीबॉडी तयार होईतो जंतू प्रथिनाचा वाण बदलतो. त्याच्याकडे असे साठेक जनुक असतात आणि एका वेळी तो एकच वापरतो. दशावतारात एकच नट आत जाऊन दुसरं सोंग घेऊन येतो, तसं.

याच चिकट पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशींनाही भोवती गोळा करतात. ए गटाच्या साखरेला त्या जास्त धरतात, ओला कमी. ओ गटाच्या लोकांमध्ये गंभीर मलेरिया कमी दिसतो त्याचं हे एक कारण मानलं जातं.

८. खडपावर कालवं काढताना पाय कापला तर पांढऱ्या पेशींना जागा कशी कळते?

जखमेजवळच्या रक्तवाहिनीचं अस्तर आपली साल बदलतं. सिलेक्टिन नावाचे हुक आत तयार ठेवलेले असतात, ते काही मिनिटांत पृष्ठभागावर येतात. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच्या सालीवरची साखर त्या हुकांत अडकते, सुटते, पुन्हा अडकते. पेशी गडगडत हळू होते. मग तिच्या सालीवरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं आकार बदलून घट्ट धरतात, आणि पेशी भिंतीतून पिळून जखमेत उतरते. कापल्यावर पू होतो तो यांचाच.

हुकात अडकणाऱ्या साखरेतही फ्यूकोज असतं, प्रश्न ४ मधलंच. १९९२ मध्ये दोन मुलांची नोंद झाली: वारंवार संसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशी अफाट, पण जखमेत पू नाही, आणि रक्तगट बॉम्बे. त्यांच्या पेशींना फ्यूकोज योग्य जागी नेताच येत नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडे एकदमच खोट. पुढे या आजाराच्या काही मुलांना तोंडाने फ्यूकोज देऊन फायदाही झाला.

हे वाचून बॉम्बे गटाच्या एका वाचकाने घाबरून विचारलं होतं. नेहमीच्या बॉम्बे गटात फक्त तांबड्या पेशीवरचा पाया घडवणारं एन्झाइम नसतं. पांढऱ्या पेशींचं वेगळं असतं, ते शाबूत असतं.

९. टीचर, मधुमेहात साखर रक्तात राहते ती पेशीचं दार बंद म्हणून ना?

दार बंद नसतं, दार जागेवरच नसतं. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-४ हे प्रथिन एरवी पेशीच्या पोटात छोट्या फुग्यांवर ठेवलेलं असतं. इन्सुलिन सालीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, लागलं की आत निरोप जातो, फुगे सालीला येऊन मिळतात आणि दारं पृष्ठभागावर उघडतात. टाइप-२ मध्ये हा निरोपच नीट पोचत नाही.

चालताना स्नायू आकुंचन पावले की ग्लुट-४ इन्सुलिनशिवाय, दुसऱ्या वाटेने वर येतं. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फेऱ्या मारण्याचा हा उपयोग. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सगळ्यात जास्त, २६.४ टक्के होतं, तेव्हा हा प्रश्न मला इतक्यांदा का येतो ते उघड आहे. मेंदूची आणि तांबडी पेशी मात्र इन्सुलिनची वाट बघत नाही. त्यांचं दार कायम सालीत बसवलेलंच असतं.

जोडप्रश्न: मधुमेहाच्या तपासणीतलं एचबीएवनसी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसलेली साखर का? नाही. ती पेशीच्या आत हिमोग्लोबिनला चिकटलेली असते. साखर दिसली म्हणजे पृष्ठभागच, असं नाही.

१०. कर्करोगाच्या रिपोर्टात हर-टू लिहितात ते काय? आणि पेशी पसरते ती का?

दोन्ही सालीचेच प्रश्न. हर-टू हा वाढीचा निरोप घेणारा रिसेप्टर. तो निरोगी पेशीवरही असतो. स्तनाच्या सुमारे पाचातल्या एका कर्करोगात तो कित्येक पटींनी जास्त असतो आणि पेशी निरोप नसतानाही वाढत राहते. ट्रास्टुझुमॅब हे औषध त्यालाच जाऊन बसतं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. रिपोर्टात ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ आलं तर घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही, फिश नावाची पुढची तपासणी लागते. या फिशचा नुस्त्याशी संबंध नाही. हसू नका, विचारलं गेलं आहे.

पसरण्याचं एक कारण प्रश्न २ मधलं कॅडहेरिन. अस्तराच्या पेशी ई-कॅडहेरिनने एकमेकींना धरून असतात. ताटलीत वाढवलेल्या निरोगी पेशी शेजारणीला टेकल्या की वाढ थांबवतात, कर्करोगाच्या पेशी एकमेकींवर चढत राहतात. ई-कॅडहेरिन कमी झालं की पेशी सुटी होते आणि वाट काढू लागते. पण ते शाबूत ठेवून घोळक्याने पसरणारे कर्करोगही आहेत. त्यामुळे कॅडहेरिन गेलं म्हणजे पसरलं, एवढं सोपं समीकरण मांडू नका.

११. कार-टी म्हणजे पेशीला नवीन पृष्ठभाग बसवणं का?

अगदी बरोबर. हा काही कर्करोगांवरचा उपचार. रुग्णाच्याच टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काढून त्यांत प्रयोगशाळेत रचलेल्या रिसेप्टरचा जनुक घालतात, मग त्या पेशी तो रिसेप्टर घडवून आपल्या सालीवर बसवतात, आणि त्यांना परत सोडतात. भारतात घडलेलं नेक्सकार१९ हे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्या पेशी सालीवर सीडी१९ हे प्रथिन असलेल्या कर्करोगाच्या बी-पेशी शोधून मारतात (बी-पेशी याही पांढऱ्या पेशीच, बी रक्तगटाशी संबंध नाही). निरोगी बी-पेशीवरही सीडी१९ असतंच, म्हणून त्याही जातात. आणि काही वेळा कर्करोगाची पेशी सीडी१९ टाकूनच देते. मग टी-पेशी शेजारून जाते आणि तिला काही दिसत नाही.

१२. एकच बदल दोन पेशींमध्ये उलटा परिणाम करतो का?

करतो. फॉस्फॅटिडिलसेरिन ही चरबी निरोगी पेशीत सालीच्या आतल्या थरात ठेवलेली असते. ती बाहेर आली की भक्षक पेशी पेशीला गिळतात. सुमारे १२० दिवसांच्या तांबड्या पेशीच्या निवृत्तीत या खुणेचाही वाटा आहे. सीडी४७ नावाची उलटी खूणही असते, ‘मला खाऊ नका’ सांगणारी. काही कर्करोग तीच अंगावर भरपूर चढवतात.

पण प्रश्न ८ मधल्या त्याच जखमेवर रक्तातल्या बिंबिकांकडे (प्लेटलेट्सकडे) बघा. त्या फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर काढतात तेव्हा ते मरण नसतं, कामाची सुरुवात असते. त्या चरबीवरच रक्त गोठवणारी प्रथिनं येऊन बसतात. नुसती खूण वाचून अर्थ लावता येत नाही, ती कुणाच्या अंगावर आहे तेही बघावं लागतं.

१३. कॉलऱ्यात आतड्याची साल सोलवटते, मग मीठ-साखरेचं पाणी शोषलं कसं जातं?

साल सोलवटत नाही, हीच तर गोष्ट. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच या रोगाचं वर्णन छापलं होतं. जंतू नाही तर त्याचं विष घात करतं, हे १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं. ते विष आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ या साखर लावलेल्या चरबीला धरतं. त्याचा एक तुकडा आत शिरतो, क्लोराइडचा नळ उघडा राहतो आणि मागोमाग पाणी वाहत सुटतं.

पण सालीवरचं दुसरं प्रथिन, सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढणारं, धड राहतं. दोघांपैकी एकटं आलं तर ते काम करत नाही. म्हणून नुसतं मिठाचं पाणी उपयोगी पडत नाही, मीठ आणि साखर दोन्ही लागतात. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनाबिस यांनी हे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. मीठ घातलेल्या पेजेतही तेच घडतं, पेजेतल्या पिठाचं आतड्यात ग्लुकोज होतं. आजीने पेज दिली ती हे माहीत नसताना.

१४. घरी करता येईल असा एखादा प्रयोग?

रक्ताचा नको. सुई घरी वापरू नका. तांबडी भाजी घ्या. देठाचे सारखे तुकडे करून नळाखाली चांगले धुवा, म्हणजे कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात हात लावता येणार नाही इतकं गरम, तिसऱ्यात मोठ्यांकडून मागून घेतलेलं थोडं स्पिरिट. तुकडे टाका आणि दहा मिनिटं हलवू नका.

साधं पाणी जवळजवळ स्वच्छ राहील. बाकी दोन्हीत गुलाबी उतरेल, कारण उष्णतेने आणि स्पिरिटने पेशीची पटलं मोडली आणि आतला रंग सुटला. माझ्या एका विद्यार्थिनीने गरम पेला गॅसवर ठेवून उकळत ठेवला आणि रंगच नाहीसा झाला म्हणून तक्रार घेऊन आली. तो रंग फार उकळला की मोडतो. तिला परत करायला सांगितलं, आणि भाजी फेकू नको म्हटलं.